‘मूळचे कोण?’ या प्रश्नाला उत्तर देताना

धम्मदीक्षा घेऊन घरी परतलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात कोणता प्रश्न विचारला जातो? चार आर्यसत्ये कोणती, असे कोणी विचारीत नाही. पंचशील पाळणे कितपत जमते, असेही कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच : “ते सारे ठीक आहे हो, पण तुम्ही मूळचे कोण?” नळावर शेजारीण विचारते. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा कारकून विचारतो. खोली भाड्याने देणारा घरमालक आधी आडनाव विचारतो, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो, गावावरूनही उमजले नाही तर गावात घर कोणत्या आळीला, असे विचारतो, आणि शेवटी, “तुमच्यात मटण-मासे चालतात का?” येथवर येतो. प्रश्नाचे कपडे बदलतात, प्रश्न तोच राहतो.

उपासक-उपासिकांनो, या प्रश्नाला आपण काय उत्तर द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोणत्या मनाने द्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्यात आज दोन प्रकारची उत्तरे रूढ आहेत. पहिले रागाचे. “तुम्हाला काय करायचे आहे?” असे म्हणून समोरच्याचे तोंड बंद करावयाचे. दुसरे भीतीचे. आवाज खाली आणावयाचा आणि बोलणे पावसावर, महागाईवर, मुलांच्या परीक्षांवर न्यावयाचे. या दोन्ही उत्तरांना कोणी हसू नये. जो विषय बदलतो त्याला कदाचित पूर्वी एकदा खरे सांगितल्याबद्दल भरल्या पावसाळ्यात खोली सोडावी लागली असेल. जो चिडतो त्याच्या बापाने आयुष्यभर मान खाली घालून उत्तर दिलेले त्याने पाहिले असेल. पण दोन्ही उत्तरे देऊन माणूस घरी येतो तेव्हा त्याचे मन हलके झालेले नसते, हेही खरे आहे. चिडलेल्याला रात्री झोप येत नाही आणि घाबरलेल्याला सकाळी आरशात पाहवत नाही.

तिसरे उत्तर करुणेचे. पण हा शब्द उच्चारला की आपल्या तरुणांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती आठी रास्त आहे. कारण आजवर करुणेचा, क्षमेचा, सोशिकपणाचा उपदेश नेहमी मार खाणाऱ्यालाच करण्यात आला. मारणाऱ्याला कोणी तो केला नाही. “जाऊ द्या, मोठे मन करा,” हे वाक्य आपल्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. ते मोठे मन म्हणजे दुसऱ्याची सोय होती. तेव्हा तथागतांच्या धम्मात करुणा कशाला म्हणतात, हे आधी नीट पाहिले पाहिजे. नाही तर जुनाच दुबळेपणा आपण नवीन नावाने घरात आणू.

प्रथम हे ध्यानात घ्या की गोड बोलणे म्हणजे करुणा नव्हे. परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत ते आपली ओळख झाकून उतरले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघेही रागावले नाहीत, दोघांनीही अपशब्द काढला नाही. हिंदू मित्र म्हणाला की, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की, उद्या पत्नी यावयाची आहे, तिला विचारले पाहिजे. हे पतिपत्नी मूळचे ब्राह्मण होते. धर्म बदलला होता, पण घरातले जुने वारे गेले नव्हते. त्या संध्याकाळी बाबासाहेब सार्वजनिक बागेत गाडीच्या वेळेची वाट पाहत बसून राहिले. दोन मित्रांच्या सभ्यपणाने काठ्यांचेच काम पुरे केले. आपणही कोणाशी बोलताना केवळ सभ्य राहिलो आणि त्यालाच करुणा समजलो, तर हा प्रसंग आठवावा.

मग करुणेची खूण कोणती? राजगृहात अभय नावाच्या राजकुमाराला निगंठ नातपुत्ताने एक पेचाचा प्रश्न शिकवून भगवंतांकडे पाठविले होते. दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलणे तथागत बोलतात काय? होय म्हटले तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय. नाही म्हटले तर देवदत्ताविषयी काढलेल्या कठोर शब्दांचे काय? अभयच्या मांडीवर त्या वेळी त्याचे तान्हे मूल होते. भगवंतांनी त्यालाच विचारले की, या मुलाने तुझ्या किंवा दाईच्या दुर्लक्षामुळे काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला की, डाव्या हाताने डोके धरीन, उजव्या हाताचे बोट वाकवून तो खडा काढीन, रक्त आले तरी काढीन. कारण मला मुलाची दया आहे. तथागतांनी हेच आपल्या बोलण्याचे प्रमाण म्हणून सांगितले. बोलणे खरे आहे आणि हिताचेही आहे, मग ते ऐकणाऱ्याला कडू लागो. तथागत त्याची योग्य वेळ पाहतात आणि बोलतात. आणि जे खरे नाही किंवा हिताचे नाही, ते कितीही गोड असले तरी बोलत नाहीत.

येथे डाव्या हाताकडे लक्ष द्या. आपले तरुण वक्ते उजव्या हाताचे बोट फार सफाईने वाकवतात. डोके धरणारा हात मात्र पुष्कळदा मोकळा असतो. आणि भित्री माणसे डोके कुरवाळीत बसतात, खडा तसाच राहतो.

आता प्रत्यक्ष जातीवरून झालेला संवाद पाहू. दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्त प्रत्येक बौद्ध कुटुंबाने एकदा तरी सावकाश वाचावे, असे मला वाटते. कोसल देशात इच्छानंगल गावाजवळच्या वनात भगवंत उतरले होते. पोक्खरसाति नावाच्या प्रतिष्ठित ब्राह्मणाचा अम्बट्ठ हा विद्वान शिष्य त्यांना पाहावयास आला. भगवंत बसलेले, हा मात्र येरझाऱ्या घालीत, मध्येच उभा राहून तुटक बोलू लागला. वृद्ध ब्राह्मणांशी तू असाच बोलतोस काय, असे भगवंतांनी विचारले. तो म्हणाला की छे, ब्राह्मण बसले असता बसूनच बोलावे. पण हे मुंडके, चाकर, काळे, ब्रह्म्याच्या पायापासून जन्मलेले, यांच्याशी असेच बोलतात.

वाचकहो, हे शब्द आपल्याला ओळखीचे आहेत. आपल्या आजोबांशी गावचा पाटील-कुलकर्णी उभ्या-उभ्याच बोलत असे. असे बोलणारा समोर आला म्हणजे आपण काय करतो? तथागतांनी काय केले ते पाहा. ते उठून गेले नाहीत. त्यांनी हसून विषयही टाळला नाही. या तरुणाला अजून वळण लागलेले नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. तो संतापला आणि शाक्य उद्धट आहेत, हलके आहेत, असे बोलू लागला. तेव्हा भगवंतांनी विचारले की, शाक्यांनी तुझे काय बिघडविले?

या प्रश्नावर थांबावे असे आहे. शिवी देणाऱ्याला त्यांनी त्याची जखम विचारली. आणि जखम निघाली! हा अम्बट्ठ एकदा गुरूच्या कामासाठी कपिलवस्तूला गेला होता. शाक्यांच्या सभागृहात तरुण मंडळी उंच आसनांवर बसून एकमेकांना बोटे टोचीत हसत होती. याला कोणी बस म्हटले नाही. आपल्यालाच हसतात असे त्याला वाटले. एवढीच गोष्ट, पण तिच्यावर त्याने साऱ्या शाक्य कुळाचा द्वेष उभारला होता. भगवंतांनी ती ऐकून घेतली आणि मग सांगितले की, इवलासा लावा पक्षीही आपल्या घरट्यात हवे तसे बोलतो. कपिलवस्तू हे शाक्यांचे घर आहे. एवढ्याशा कारणाने मन कलुषित करणे तुला शोभत नाही. म्हणजे त्यांनी जखम विचारली, पण ती होती त्याहून मोठी करून दाखविली नाही. आपल्यापैकी काहींना वाटते की समोरच्याचे दुःख विचारले की आपले दुःख लहान होते. तसे होत नाही. ‘तुमच्यामुळे माझ्या मुलाची नोकरी हुकली’ असे म्हणणाऱ्याचे ऐकून घ्यावे, नोकऱ्याच किती कमी निघाल्या आहेत हे त्याच्याबरोबर बसून मोजावे, आणि नंतर तितक्याच शांतपणे सांगावे की, तुमच्या मुलाला विहिरीवर पाणी नाकारले गेले नव्हते.

अम्बट्ठाचा तोरा एवढ्याने उतरला नाही. बाकीचे तिन्ही वर्ण ब्राह्मणांचे सेवक, हे पालुपद त्याने पुन्हा लावले. तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले की, तुझे गोत्र कोणते? होय, ‘मूळचा कोण?’ हा प्रश्न तथागतांनीही विचारला आहे. पण विचारला तो कोणाला? मूळ मिरविणाऱ्याला. अम्बट्ठ म्हणाला, कण्हायन. तेव्हा सर्वांसमक्ष निघाले ते असे : शाक्यांचा पूर्वज ओक्काक राजा, त्याची दिसा नावाची दासी, आणि त्या दासीचा मुलगा कण्ह हा या गोत्राचा मूळ पुरुष. कण्ह म्हणजे काळा. दुसऱ्यांना काळे आणि चाकर म्हणून हिणविणाऱ्याचे मूळ दासीच्या काळ्या मुलापाशी जाऊन पोहोचले.

माझ्या मते सुत्तातील मर्म याच्या पुढे आहे. अम्बट्ठाने ही गोष्ट कबूल करताच त्याच्याबरोबर आलेले ब्राह्मण तरुण कल्ला करू लागले. क्षणापूर्वी तो कुलीन, बहुश्रुत म्हणून त्याची बाजू घेणारे तेच लोक तो हीन कुळीचा, दासीपुत्र, असे ओरडू लागले. वाद जिंकला होता. दुसरा कोणी असता तर तो कल्ला ऐकत राहिला असता. आपल्या सभांतून तर अशा वेळी टाळ्या पडतात. पण भगवंतांच्या मनात आले की, हे या तरुणाला फारच घालून-पाडून बोलत आहेत, याला सोडविले पाहिजे. आणि त्यांनी त्या तरुणांना थांबविले. दासीपुत्र म्हणून त्याला इतके खाली पाहू नका, तो कण्ह पुढे मोठा ऋषी झाला, असे सांगून त्यांनी त्याच्या पूर्वजाचे मोठेपण आपल्या तोंडाने वर्णिले.

याला करुणा म्हणतात. अहंकार फोडावयाचा, पण माणूस फुटू द्यावयाचा नाही. जातीचा खोटेपणा उघडा करावयाचा, पण उघडे पडलेल्या माणसाला जातीनेच मारू द्यावयाचे नाही. कारण ‘दासीपुत्र’ हा शब्द त्या दिवशी अम्बट्ठावर शिवी म्हणून चालला असता, तर दिसा दासी आणि तिच्यासारख्या हजारो बाया पुन्हा एकदा हलक्या ठरल्या असत्या. शिवी कोणाला दिली, एवढे पाहून भागत नाही. ती शिवी कोणाच्या जिवावर उभी आहे, तेही पाहावे लागते. (याच सुत्तात पुढे लोकव्यवहाराच्या मापाने क्षत्रिय ब्राह्मणांपेक्षा वरचढ ठरविण्याचा युक्तिवाद आहे, तो वाचून काहींना अडखळल्यासारखे होते. पण तो समोरच्याच्या मापाने समोरच्याला मोजण्याचा प्रकार आहे. शेवटी विद्या आणि आचरण यांनी संपन्न तोच श्रेष्ठ ठरतो आणि जातिवादाला, गोत्रवादाला चिकटलेला त्यापासून दूर राहतो, असाच निर्णय आहे.) पुढे अम्बट्ठाचा गुरू पोक्खरसाति स्वतः येऊन शिष्याबद्दल क्षमा मागतो, तेव्हा अम्बट्ठ सुखी होवो, एवढेच भगवंत म्हणतात.

बाबासाहेबांनी हीच दृष्टी आपल्या काळात कशी वापरली पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आमंत्रण देऊन मागे घेतलेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी हिंदू समाजाला जे सुनावले त्याहून कडू कोणी सुनावले नसेल. पण त्यातच ते म्हणतात की, हिंदू लोक जात पाळतात ते क्रूर किंवा बुद्धिभ्रष्ट आहेत म्हणून नव्हे, तर धर्मावर त्यांची गाढ श्रद्धा आहे म्हणून. तेव्हा खरा शत्रू जात पाळणारा माणूस नसून त्याला जात शिकविणारी शास्त्रे आहेत. ज्याला आयुष्यभर त्या माणसांनी छळले, तो हे लिहितो! माणूस आणि त्याच्या डोक्यात भरलेली कल्पना, ही दोन वेगळी करून पाहिली की बोलण्याची जागा सापडते.

व्यवहारातले एक उदाहरण घेऊ. कचेरीतला एखादा चांगला सहकारी, दहा वर्षे डबा वाटून खाणारा, एक दिवस कौतुकाने म्हणतो, “तुम्ही त्यांच्यातले मुळीच वाटत नाही हो!” त्याला वाटते आपण स्तुती केली. आपल्या मनात मात्र आपली आई, मामा, वस्तीतली सारी माणसे एका क्षणात उभी राहतात, कारण ‘त्यांच्यातले’ म्हणजे ती. हसून सोडून दिले तर आपण त्यांना सोडून दिले असे होते. उसळून बोललो तर तो म्हणणार की, मी चांगलेच बोललो आणि हे भांडले. अशा वेळी मी सुचवीन की, जेवणाच्या सुटीत, चारचौघांत नव्हे, त्याला विचारावे : “त्यांच्यातले कसे वाटतात, ते मला सांगाल? तुम्ही किती जणांना ओळखता?” आणि खरोखर उत्तराची वाट पाहावी. पुष्कळदा उत्तर देता-देता तो स्वतःच थबकतो. थबकला नाही तर, “मी त्यांच्यातलाच आहे, आणि तुम्ही ज्या गुणांचे कौतुक केले ते मी त्यांच्याकडून घेतले,” एवढे सांगून जेवण पुरे करावे. एका बैठकीत सारे घडावे असा आग्रह नको. आपण बैठका मोडू नयेत म्हणजे झाले.

मात्र काही ठिकाणी बोलण्याची वेळ संपलेली असते. जो अत्याचार करतो, वाट अडवतो, जातीवरून भर रस्त्यात अपमान करतो, त्याच्यासाठी देशात १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तेथे फिर्याद द्यावी. मैत्री भावना करणाऱ्याने पोलीस ठाण्यात जाऊ नये असे धम्मात कोठेही सांगितलेले नाही. फिर्याद दिल्यावर त्या माणसाच्या लेकराने आपल्या मुलाशी खेळावयाचे की नाही, हा प्रश्न वेगळा. तेथे करुणेला काम आहे.

मुलांशी याविषयी कसे बोलावे, असे पुष्कळ आया विचारतात. काही पालक मुलांना काहीच सांगत नाहीत. मग शाळेत दुसऱ्याच कोणाकडून कळते आणि मूल रडत घरी येते. काही इतके सांगतात की मुलाला प्रत्येक वर्गमित्र वैरी दिसू लागतो. मी म्हणेन, बाबासाहेबांच्या मसूर स्टेशनचा प्रसंग सांगावा. १९०१ सालची गोष्ट. नऊ वर्षांचा भीम भावंडांबरोबर वडिलांकडे निघालेला, नवे कपडे घातलेला. स्टेशनमास्तरने कोण म्हणून विचारले आणि भीमाने क्षणाचाही विचार न करता आपली जात सांगून टाकली. मास्तरचा चेहरा पालटला. गाडीवाल्यांनी दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकावयास नकार दिला. मुलांनी हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. ही गोष्ट सांगताना मुलाला विचारावे की, यात लाज कोणाला वाटावयास हवी होती? नऊ वर्षांच्या मुलाला हा हिशेब बरोबर कळतो. मोठ्यांनाच तो उलटा शिकविलेला असतो.

आणि मुलाने विचारले की आपण खरेच वेगळे आहोत काय, तर वासेट्ठ सुत्तातला विचार सांगावा. झाडे, किडे, साप, मासे, पाखरे यांत जन्मापासून जातीच्या खुणा वेगळ्या दिसतात. माणसांच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, हातापायांत तशी खूण दाखविता येत नाही. बाबासाहेबांनीही लिहून ठेवले की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकच आहेत. मुलाला हे आंब्याच्या आणि चिंचेच्या झाडाखाली उभे करून सांगितले तर पुस्तकाची गरज नाही.

हा प्रश्न समुद्रापलीकडेही गेला आहे. कातडीच्या रंगावरून माणूस ठरविणाऱ्या अमेरिकेतील निग्रो चळवळीचे विचारवंत डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य कळविले होते. तेथेच आता आपल्या देशातून गेलेली सुशिक्षित माणसे एकमेकांची आडनावे चाचपतात. २०२३ साली सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले, तेव्हाचा एक अनुभव त्यांनी १९६५ मध्ये आपल्या प्रवचनात सांगितला. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील आपला अस्पृश्य बांधव अशी करून दिली. त्यांना आधी धक्का बसला, रागही आला. मग आपल्या देशातील दारिद्र्यात कोंडलेल्या आपल्या लोकांचा त्यांनी विचार केला आणि मनाशी कबूल केले की होय, मी अस्पृश्यच आहे.

यावरून दाखल्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. पुष्कळ नवदीक्षित कुटुंबे कष्टी होतात की आम्ही जात टाकली, मग दाखल्यावर पूर्वीची जात का लिहावी? बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नव्हत्या. त्या वर्षीच्या कायद्याने त्या मिळाल्या आणि त्यासाठी पूर्वीच्या जातीची नोंद लागते. ही नोंद म्हणजे आपली ओळख नव्हे. झालेल्या अन्यायाची ती पावती आहे. पावती सांभाळून ठेवावी, ती गळ्यात बांधून फिरू नये. आणि ज्यांना अजून जात टाकता आलेली नाही अशा भावंडांच्या शेजारी उभे राहून कोणी जुने नाव मोठ्याने उच्चारले, तर त्याने दीक्षा मोडली असे समजू नये. भीतीपोटी नाव लपविणे आणि श्रद्धेपोटी नाव टाकणे बाहेरून सारखे दिसते, पण आत फार अंतर आहे. हे ज्याचे त्याने तपासावे. दुसऱ्याने तपासू नये.

आतापर्यंत आपण इतरांनी विचारलेल्या प्रश्नाविषयी बोललो. आता जे बोलावयाचे ते अवघड आहे. हा प्रश्न आपल्या विहारातही विचारला जातो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या घरी आता तिसरी-चौथी पिढी बौद्ध आहे. त्यानंतर निरनिराळ्या समाजांतून माणसे येत राहिली. २७ मे २००७ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्यासमवेत भटक्या-विमुक्त जमातींतील हजारो लोकांनी दीक्षा घेतली. अशा घरातले कोणी प्रथमच विहारात आले म्हणजे सतरंजीवर बसता-बसता शेजारचा वृद्ध उपासक मायेनेच विचारतो, “जय भीम. तुम्ही मूळचे कोण?” त्याच्या मनात वाईट नसते. पण ज्याने तो प्रश्न चुकवीत आयुष्य काढले आणि येथे तरी तो नसेल म्हणून जो आला, त्याच्या पोटात त्या क्षणी काय होते याची कल्पना करा.

भगवंतांच्या संघात हा प्रश्न कसा सोडविला गेला? शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांच्याबरोबर उपालि नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी स्वतःच विनविले की, उपालिला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा ताठा जिरेल. येथे ज्येष्ठत्व दीक्षेच्या क्रमाने येते, हे तर त्यावरून दिसतेच. पण आपण, जे आधी आलो, त्या क्रमाचाही ताठा करू लागलो तर? ‘आम्ही छप्पनचे’ असे म्हणताना आवाज जरा वर चढत नाही काय?

आनंद भिक्षूंची विहिरीवरची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी पाणी मागितले, तेव्हा त्या मुलीने न विचारताच सांगितले की, मी मातंगाची मुलगी आहे. आनंद म्हणाले की, मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले. विहारात नव्याने आलेला माणूसही पुष्कळदा आपण होऊन, घाबऱ्या आवाजात, आपले मूळ सांगू लागतो. त्याला मध्येच तोडू नये, तो सांगेल ते ऐकावे. आणि वंदनेचे पुस्तक त्याच्या हाती देऊन पान काढून द्यावे.

खरी परीक्षा सोयरिकीत होते. आपल्या जुन्या समाजात साडेबारा पोटजाती असे म्हणत असत. सोमवंशी, लाडवण, बावणे ही नावे नागपूर-दादरच्या लग्नांच्या बोलाचालीत अजून हळू आवाजात निघतात. मग कैकाडी किंवा मातंग घरातून आलेल्या बौद्ध मुलाचे नाव निघाले तर खोलीत शांतता पसरते, यात नवल नाही. कित्येक ठिकाणी वधू-वर मेळाव्याच्या छापील अर्जावर पूर्वाश्रमीची जात विचारणारा रकाना असतो. हा रकाना कोणा सवर्णाने छापलेला नाही. तो काढावयाचा तर समितीच्या बैठकीत बोलावे लागेल, आणि समोर आपलेच काका, मामा, वस्तीतले जाणते लोक बसलेले असतील. ते म्हणतील, “आम्हाला काही हौस नाही, पण मुलीकडचे लोक विचारतात, म्हणून ठेवावा लागतो.” बडोद्याच्या त्या मित्रानेही नोकरांचेच नाव सांगितले होते. ही आठवण त्यांना जरूर द्या. मात्र भर बैठकीत उभे राहून नको, बैठक सुरू होण्याआधी, चहा घेताना द्या.